आधी त्याचा नमुना

(दृश्य : मांडीवरची प्लास्टिकची पिशवी, त्यातून निघणारे कागद)

सोनोग्राफी. थायरॉइड. हार्मोन. गर्भनलिकेचा एक्स-रे. दुर्बिणीची तपासणी. लग्नाला सहा वर्षं झाली, आणि या पिशवीतले आठ कागद तिचे आहेत. नववा त्याचा. तो गेल्या महिन्यातला.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत. तरी ‘वांझ’ म्हटलं की डोळ्यांसमोर बाईच येते. पुरुषासाठी आपल्या बोलण्यात तसा शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणतात, पण ते वेगळं. शरीरसंबंध अगदी व्यवस्थित असले तरी वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. नुसत्या डोळ्यांना ते कळणार नाही. त्यासाठी ही खोली.

(दृश्य : प्रयोगशाळा, डबीवर नाव आणि वेळ लिहिणारा हात)

नमुना ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जातो. अर्ध्या तासात घट्ट वीर्य पातळ होतं. मग एक थेंब या गोल चेंबरवर. खालची काच आणि वरचं झाकण यांत अंतर किती? मिलिमीटरचा शंभरावा भाग. झाकणावर बारीक चौकटी कोरल्यात. ओळीतल्या दहा चौकटींत जितके शुक्राणू दिसतील, तितके दशलक्ष दर मिलिलिटरला. हिशेब इतका सोपा.

हा थेंब दुसऱ्या एका पुरुषाचा आहे. बघा, कसे धावताहेत. काही सरळ निघालेत, काही जागच्या जागी गोल फिरताहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिली आहे : दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं. रिपोर्ट हातात देताना हे एवढं वाक्य कुणी बोललं, तर किती घरांतली रात्रीची झोप वाचेल.

आणि हा त्याचा थेंब.

(चार सेकंद शांतता)

थोड्या पेशी, थोडा गाळ. शेपटी एकही नाही. तंत्रज्ञ लगेच ‘शून्य’ लिहीत नाहीत. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पुन्हा चौकट न चौकट पाहतात. काही आठवड्यांनी नमुनाही दुसरा घेतात. दोन्ही वेळा तेच.

मग रक्त. हिरव्या झाकणाची एक नळी, जांभळ्या झाकणाची एक.

हिरव्या नळीतल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवायच्या. त्या विभागू लागल्या की औषधाने मधेच थांबवायच्या, क्षाराच्या पातळ पाण्यात फुगवायच्या आणि वरून थेंब सोडायचा. हा पाहा, काचपट्टीवर फुटला. पेशीतली गुणसूत्रं पसरली, रंग दिला की पट्टे उमटतात. इथे कधी सत्तेचाळीस निघतात, एक एक्स जास्तीचा. सुमारे सहाशे पुरुषांत एकाला तो असतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. याची मात्र सेहेचाळीस. एक्स, आणि तो कोपऱ्यातला बुटका वाय. सगळं जागेवर दिसतंय.

पण सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा तुकडा गळालेला असू शकतो. १९७६ मध्ये इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्दी यांनी ११७० पुरुष तपासले. वीर्यात शुक्राणू नसलेल्या सहाजणांच्या वाय गुणसूत्राची लांब बाजू टोकाशी तुटलेली होती. त्या भागाला पुढे एझेडएफ नाव पडलं. त्याचे ए, बी, सी असे तीन पट्टे. तिथली जनुकं शुक्राणू घडवण्याच्या कामाची. लहान तुकडे शोधायला जांभळी नळी, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागांच्या असंख्य प्रती काढणं, आणि त्या प्रती रेघांसारख्या दाखवणारं हे जेल.

(दृश्य : अतिनील दिव्याखाली जेल)

पहिली रांग निरोगी पुरुषाची, सगळ्या रेघा हजर. दुसरी बाईची, तिच्यात वाय नाही, म्हणून वायच्या रेघाही नाहीत. तिसरी त्याची. वरच्या रेघा आहेत. सी पट्ट्याच्या दोन्ही जागा रिकाम्या.

वडिलांकडून मुलाला जाणारं हे गुणसूत्र, पण असा तुकडा बहुतेकदा नव्यानेच गळतो. वडिलांचा वाय शाबूत असतो. कुणाच्या खाण्यापिण्याचा, सवयींचा, पत्रिकेचा यात काही संबंध नाही.

ए किंवा बी पट्टा पूर्ण गेला असेल, तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. शस्त्रक्रिया न केलेलीच बरी. सी गेलेल्या साधारण निम्म्या पुरुषांत मिळतात, आणि १९९२ पासून इक्सीला, म्हणजे शुक्राणू सुईने थेट बीजात सोडायच्या पद्धतीला, एका बीजासाठी एक शुक्राणू पुरतो. मुलगा झाला तर हाच वाय त्याच्याकडे जाईल.

हे सगळं आता त्या दोघांना सांगायचंय. समुपदेशकांनी खुर्च्या जवळ ओढल्यात. पिशवी टेबलावर आहे, नववा कागद सगळ्यात वर.

दार लागतंय. कॅमेरा बाहेरच थांबतो.