मुलींना गेममध्ये घेतलं कसं?

हे कोथरूड. क्लास सुटलाय, दप्तर सोफ्यावर आणि कंट्रोलर हातात. सातवीत आहे ही. तिचा अंगठा बघा, टीमची लिस्ट कशी भराभर सरकवतीये... आणि थांबली विमेन्स टीमवर.

ही टीम त्या लिस्टमध्ये आपोआप नाही आली हं. फिफा या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग आला 1993 ला आणि बायकांच्या टीम आल्या थेट 2015 मध्ये, फिफा 16 ला, त्यासुद्धा फक्त 12 देशांच्या. पुरुष खेळाडूला पोनीटेल लावून मोकळं व्हायचं असं नाही केलं, खऱ्या खेळाडूंच्या अंगाला मार्कर लावून त्यांना पळवलं, हालचाली रेकॉर्ड केल्या, चेहरे स्कॅन केले, म्हणून आत्ता स्क्रीनवर ती वळली ना, ती बाईसारखीच वळली. फिफा 16 च्या अमेरिकेतल्या कव्हरवर मेस्सीच्या शेजारी तिथलीच फुटबॉलपटू ॲलेक्स मॉर्गन होती. 2023 ला आलेल्या एफसी 24 मध्ये, म्हणजे याच गेमच्या नव्या नावाच्या भागात, तर अल्टिमेट टीममध्ये, म्हणजे आवडीचे खेळाडू जमवून टीम बनवायच्या प्रकारात, बायका आणि पुरुष एकाच टीममध्ये खेळायला लागले. अशी मेहनत घेतली की मुली येतात, नुसता डबा गुलाबी करून काही होत नाही.

हा तिचा धाकटा भाऊ, पोकेमॉनवाला. 1996 च्या पहिल्या गेममध्ये मुलगाच होऊन खेळावं लागायचं, 2000 च्या पोकेमॉन क्रिस्टलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीलाच विचारलं, तू मुलगा की मुलगी? हा पठ्ठ्या मुलगी घेऊन खेळतोय, आणि त्यात त्याला काहीच वेगळं वाटत नाहीये!

आता एफसी रोडजवळचा हा गेमिंग कॅफे. भिंतीवरचा तो पिवळा गोळा ओळखलात ना, पॅकमॅन, 1980 चा. जपानमध्ये तेव्हा आर्केड, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायची दुकानं, म्हणजे पोरांचा अड्डा आणि गेम सगळे गोळ्या झाडायचे. पॅकमॅन बनवणाऱ्या तोरू इवातानींनी ठरवलं की इथे मुली यायला पाहिजेत, जोड्या यायला पाहिजेत, मग त्यांनी गेमच खाण्यावर केला, भुतंसुद्धा रंगीत आणि गोंडस काढली. बघा, म्हणजे हा विचार तेव्हापासून आहे, नंतर बाकीच्यांना एवढी वर्षं का लागली?

कोपऱ्यातल्या दोघी कॉलेजच्या, ऑनलाइन मॅच सुरू आहे आणि दोघींचे माइक बंद. आवाज ऐकला की शिव्या सुरू होतात म्हणाल्या. टीम आणल्या ना कंपन्यांनी, मग शिव्या घालणाऱ्यांना बाहेर काढायचं कामही त्यांचंच आहे.