विळीवरचा पाला, दिव्याखालचा इग्वाना

(पहाट. सोसायटीचं कुंपण. आकडीने फांदी खाली ओढणारे हात.)

सकाळचे सहा. ठाण्यातली एक सोसायटी. कुंपणालगतच्या या शेवग्याच्या शेंगा कुणी न्यायच्या, यावरून इथे दर उन्हाळ्यात कुरबुर होते. पाल्यावर मात्र कुणी हक्क सांगत नाही. तो रोज तिसऱ्या मजल्यावर जातो.

(स्वयंपाकघर. विळी जवळून.)

निवडायचं काम काकूंचं. कोवळे देठ ठेवायचे, जून काड्या बाजूला. शेवगा, तुतीची पाच-सहा पानं, जास्वंदीचा पाला आणि वर तिचंच एक फूल. थोडा किसलेला लाल भोपळा, थोडी फरसबी. घरातल्या भाजीसाठी चिरावं तितकंच बारीक चिरायचं. फोडणी नाही, मीठ नाही, एवढाच काय तो फरक. बारीक चिरायचं कारण साधं आहे. मोठे तुकडे असले की नको ते बाजूला सारून हवं तेवढंच वेचून खाणारं गिऱ्हाईक आहे हे. काकू म्हणतात, हिच्या लहानपणी हीसुद्धा असंच करायची.

ही म्हणजे काकूंची मुलगी. आणि गिऱ्हाईक ते, दिव्याखालचं.

(इग्वाना. शेपटीपासून डोक्यापर्यंत सावकाश. गळ्याखालची झोळी. डोळा.)

ग्रीन इग्वाना, एक मोठा सरडा. मूळ मुक्काम मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत, नदीकाठच्या झाडांवर. पूर्ण वाढला की शेपटीसकट पाच फूट सहज. डोक्याच्या मधोमध हा फिकट ठिपका दिसतोय? तोही एक प्रकारचा डोळाच. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली मात्र कळते. वरून घार आली तर तेवढं पुरतं.

हा इथे आला त्या आठवड्यात शेजाऱ्यांनी वनखात्याला फोन लावला होता. ‘यांनी घोरपड पाळलीय!’ चूक समजण्यासारखी होती. पण घोरपड आपली, या मातीतली. ती पाळणं हा गुन्हा आहे आणि ती मांसाहारी आहे: किडे, अंडी, उंदीर, बेडूक, मिळेल ते. इग्वाना निव्वळ पालेभाजीवाला.

(जबडा जवळून. पान तुटतं. गिळतो. आवाज तसाच ठेवावा.)

दात पाहा. चपटे, कडेला करवतीसारखे. हे दात पान कापतात, चावत नाहीत. तुकडा जसाच्या तसा पोटात. पुढचं काम मोठ्या आतड्याचं. तिथे पडदे असलेले कप्पे आहेत आणि त्यात जिवाणूंची वस्ती. गाय जे पोटाच्या पुढच्या भागात करते, ते हा मागच्या भागात करतो: पाला आंबवतो. हे जिवाणू जन्मतः मिळत नाहीत. जंगलात अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत मोठ्यांची विष्ठा खातात आणि विरजण लावावं तसे ते पोटात रुजतात. (काकूंनी हे ऐकून तोंडाला पदर लावला तो शॉट इथेच घ्यावा.)

विरजणाला ऊब लागते, तशी यालाही. शरीराचं तापमान पस्तीस-छत्तीस अंशांवर गेलं नाही तर खाल्लेलं नीट पचत नाही. म्हणून आधी दिवा, मग ताट. सकाळी दोन तास तापल्याशिवाय हा तोंड उघडत नाही.

(दुसरा दिवा. पांढरी नळी.)

ही दुसरी नळी उजेडासाठी नाही. तिच्यातून अतिनील-बी किरण येतात. त्यांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच पाल्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. ‘खिडकीतून ऊन येतं की!’ असं पुष्कळ जण म्हणतात. ऊन येतं, पण हे किरण काचेला अडतात. आणि नळी पेटलेली दिसली तरी साधारण सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण क्षीण होतात. नळीवर मार्करने तारीख लिहिलेली दिसते ती त्यासाठी.

(शेवगा आणि पालक, शेजारी शेजारी.)

आता पालकाचं प्रकरण. अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो ना? ते ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. म्हणून तर आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो. पालक, चाकवत, माठ यांतही ऑक्झलेट भरपूर, पण टोचत नाही म्हणून लक्षात येत नाही. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कागदावर पालकात कॅल्शियम आहे, अंगाला लागतं ते फार थोडं. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस त्याच्या निम्म्याहून कमी. इग्वानाला हेच प्रमाण हवं: फॉस्फरसच्या दुप्पट तरी कॅल्शियम.

(क्ष-किरण फिल्म, खिडकीच्या उजेडात धरलेली.)

हा या घरातला पहिला इग्वाना. दुकानात सांगितलं होतं, ‘काहीही खातो.’ पालक, उकडलेलं अंडं, कधी कुत्र्याचं खाणं. दिवा साधा, पिवळा. सात महिन्यांत जबडा रबरासारखा मऊ झाला.

(इथे निवेदन नको. फिल्म आणि तिचा हात, बारा सेकंद.)

(प्लास्टिकचे डबे. वळवळ.)

झाकण उघडताना ती आम्हाला दोनदा विचारते, ‘नक्की ना?’ गव्हाच्या कोंड्यात हे सुपरवर्म, एका भुंगेऱ्याच्या जाड अळ्या. गाजराचा तुकडा टाकला की पाहा, मिनिटभरात गाजर दिसेनासं होतं. हे इग्वानासाठी नाहीत, शेजारच्या पेटीतल्या बिअर्डेड ड्रॅगन या दुसऱ्या सरड्यासाठी. तो ऑस्ट्रेलियाचा. पिल्लू असताना किड्यांवर वाढतो, मोठेपणी बराचसा पाल्यावर येतो. किडा नुसता द्यायचा नाही. आदल्या दिवशी त्याला गाजर-पाला भरपूर खाऊ घालायचा, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचा. भाकरीच्या पिठात मासा घोळवतात तसाच.

आणि एक गंमत. दाटीवाटीत ठेवला तर सुपरवर्म अळीच राहतो, कोषात जातच नाही. एकटा पडला की मग कोष, मग भुंगेरा. त्यासाठी तिने गोळ्यांच्या रिकाम्या डब्या जमवल्यात. प्रत्येकीत एक अळी, झाकणाला भोक, वर तारीख. आम्ही मोजल्या: चाळीस.

(चिमटा. अजगर. वेग कमी केलेलं दृश्य.)

बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेचा. फ्रीझरमधला मेलेला उंदीर कोमट पाण्यात शेकून देतात. कारण ओठांवरच्या या खाचांना ऊब कळते, थंड उंदराकडे तो ढुंकूनही पाहणार नाही. गिळताना जबडा निखळत नाही. खालचा जबडा पुढे मधोमध लवचीक दोरांनी जोडलेला असतो, तो फाकतो. मोठ्या अजगराला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण. काही वेळा तो महिनोन्‌महिने उपास करतो आणि काळजीने पाळणारेच वाळतात. दूध कुठलाच साप पीत नाही, नागपंचमीलासुद्धा नाही. हे वाक्य दरवर्षी म्हणावं लागतं, म्हणून इथेही म्हटलं.

(नोंदणीचा कागद, टेबलावर.)

इग्वाना आणि बॉल पायथन या दोघांची नोंद २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. या घरात ती आहे. फ्लोरिडात सुटलेल्या आणि सोडलेल्या इग्वानांचे वंशज आता बागा फस्त करत हिंडतात. इथे तसं कुणी सोडू नये.

(इग्वाना शिंकतो. काचेवर पांढरे ठिपके.)

पाहुण्यांना वाटतं सर्दी झाली. हे मीठ आहे. रक्तातले जास्तीचे क्षार तो नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतो, पाणी वाचतं. काच पुसणं हे काकूंचं रोजचं काम, आणि त्यावरची कुरकुरही रोजची.

(संध्याकाळ. दिवे बंद होतात. उरलेला पाला कुंडीत.)

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये शेवगा तोडायचा विषय आहे. पावसाळ्यात फांदी गाड्यांवर पडते, तक्रार खरी आहे. शेवग्याचं लाकूडच ठिसूळ.

(गच्ची. निळा पिंप, माती, हातभर फांदी.)

गेल्या महिन्यात पडलेल्या फांदीचा तुकडा काकूंनी पिंपात खोचला. तीन फुटवे आलेत. सध्या त्याला कुणी हात लावायचा नाही, इग्वानासाठीसुद्धा नाही.