पाठदुखी, गोळ्या आणि वेस्ट व्हर्जिनिया

(दृश्य: डोंगर, अरुंद रस्ता, कोळशाने भरलेली मालगाडी)

हे अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया. डोंगराळ राज्य, आणि त्या डोंगरांच्या पोटात कोळसा. इथल्या काही खाणींत कोळशाचा थर इतका बुटका असतो की माणसाला ताठ उभंच राहता येत नाही, अख्खी पाळी वाकून नाहीतर गुडघ्यांवर काढायची, आणि असं वर्षानुवर्षं केलं की पाठ, गुडघे, खांदे धरायला लागतातच. घरी बसलं तर पगार बुडतो. मग माणूस डॉक्टरला म्हणतो, काहीतरी द्या, उद्या कामावर जायचंय.

१९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची दुखण्यावरची गोळी बाजारात आली, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीतल्या औषधाची. पर्ड्यू फार्मा कंपनीचे एमआर डॉक्टरांना सांगत फिरायचे की हिचं व्यसन लागायचा धोका अगदी कमी. त्या काळात अशा दाव्यांना आधार म्हणून एक पत्र दाखवलं जायचं, १९८० साली एका मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेलं. पाच वाक्यांचं पत्र! आणि तेही हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या पेशंटबद्दल, घरी महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल नाहीच. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, पण तोवर अशा जातीच्या गोळ्यांचा पूर आलेला होता. केर्मिट म्हणून एक गाव आहे, वस्ती जेमतेम ४००, तिथल्या एका मेडिकल दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या दुसऱ्या एका ओपिऑइडच्या सुमारे ९० लाख गोळ्या आल्या. हा आकडा वाचून माझं डोकं सुन्न झालं.

(दृश्य: बंद पडलेलं दुकान, रिकामा चौक)

आता शरीरात काय होतं ते बघू. ओपिऑइड गोळी मेंदूपर्यंत जाणारा दुखण्याचा निरोप दाबते. सुरुवातीला खरंच बरं वाटतं. पण शरीराला सवय होते, तोच आराम मिळायला डोस वाढवावा लागतो, आणि काही जणांच्या नसा उलट जास्तच हळव्या होतात, म्हणजे गोळी घेऊनही दुखणं वाढतं. डोस फार वाढला तर श्वास मंदावतो, थांबतोही. आणि या सगळ्यात पाठीचे स्नायू होते तसेच अशक्त राहतात, त्यांच्यासाठी कुणी काहीच केलेलं नसतं.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली, एक माणूस हळूहळू खुर्चीतून उठतोय)

जुनाट दुखण्यात बऱ्याचदा मूळची इजा भरून आलेली असते, तरी नसा धोक्याची घंटा वाजवतच राहतात. माणूस घाबरतो, वाकायचं टाळतो, चालणं कमी करतो, मग स्नायू आखडतात आणि अजून दुखतं. फिजिओ नेमकं इथेच हात घालतो. आधी नीट ऐकून घेतो, कुठे दुखतं, कधी दुखतं, काय करायची भीती वाटते. मग थोडं चालणं, कंबर आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कसं उचलायचं, सगळं सोसेल तेवढंच, पण दर आठवड्याला जरासं जास्त. सुरुवातीला दुखतं, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक पडायला आठवडे लागतात, आणि सगळ्यांचं दुखणं पूर्ण जातं असंही नाही. पण माणूस परत आपलं आपण जिना चढतो, नातवाला उचलून घेतो, आणि मला विचाराल तर इलाज यासाठीच तर करायचा असतो ना!

२०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २४० माजी सैनिकांवरचा, सगळ्यांना पाठीचं नाहीतर गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं जुनं दुखणं. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं. वर्षभराने बघितलं तर रोजची कामं करण्यात ओपिऑइडवाले काही पुढे नव्हते. म्हणजे एवढा धोका पत्करून हाती काय लागलं? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०१६ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की जुनाट दुखण्याला आधी व्यायाम, फिजिओ असे उपाय बघा.

मग लोक फिजिओकडे का नाही गेले? गोळ्यांची बाटली लगेच हातात येते, फिजिओकडे आठवड्यातून दोनदा जायचं, डोंगरातून गाडी हाणत, दर वेळी खिशातून पैसे भरत आणि कामाचा खाडा करून. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने कायदाच केला, पहिल्यांदा ओपिऑइड लिहून देताना दिवसांची मर्यादा घातली, आणि जुनाट दुखण्यासाठी फिजिओथेरपी, कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके-सांध्यांवर करायचे उपचार) वगैरेच्या २० व्हिजिट इन्शुरन्सने द्यायच्या असं ठरवलं. माझ्या मते यातली ही इन्शुरन्सवाली गोष्ट सगळ्यात कामाची, कारण नुसतं व्यायाम करा म्हणून खाणकामगाराचं पोट भरत नाही.

(दृश्य: टेबलावर औषधाची बाटली, शेजारी डॉक्टर आणि पेशंट बोलतायत)

कॅन्सरच्या वेदनेची गोष्ट वेगळी, तिथे मॉर्फिन लागतं तेव्हा मिळालंच पाहिजे, आपल्याकडे तर ते मिळवताना घरच्यांची किती फरफट होते. आणि जे आधीपासून बरेच दिवस ओपिऑइडवर आहेत त्यांनी हा व्हिडिओ बघून गोळी एकदम बंद करू नका, जुलाब, घाम, थरथर, झोप उडणं असा फार त्रास होतो. डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू उतरवायचा, आणि फिजिओ मात्र सोबतच सुरू करायचा, गोळी सुटायची वाट बघत बसायचं नाही.