तुमची भीती कुठल्या सालची आहे?

नमस्कार. विषय दिला होता 'पालकांच्या अपेक्षा', पण लातूरमध्ये येऊन अपेक्षांवर मी काय नवीन सांगणार, इथे तर अख्ख्या गल्ल्या त्याच्यावर चालतात. मेडिकल-इंजिनिअरिंगचे क्लास, रूम, मेस, झेरॉक्स, टेस्ट सिरीज सगळंच. त्यामुळे मी विषय जरा सरकवलाय. मी समुपदेशनाचं काम करते आणि आईवडील समोर बसून "आमचं फार स्वप्न आहे हो" म्हणतात ना, तेव्हा दहा मिनिटं ऐकलं की खाली स्वप्नबिप्न काही नसतं, भीती असते. आणि ती भीती कुठल्या तरी एका सालची असते.

१९७२ चा दुष्काळ घ्या. इथल्या बऱ्याच जणांच्या आजोबांनी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडलीय, तिथे वाटलेली सुकडी खाल्लीय. त्या माणसाने मनात एकच गोष्ट पक्की केली, की शेतीचा भरवसा नाही, पोराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला पाहिजे. चुकलं का त्याचं? अजिबात नाही, तेव्हा पगार म्हणजे जीव वाचणंच होतं. मग पोरगा मास्तर झाला, नाहीतर एसटीत लागला, पण त्याला स्वतःला इंजिनिअर व्हायचं होतं. आता १९८३ च्या आधी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती, त्या साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि जागा भराभर वाढल्या, पण फीसुद्धा वाढली. म्हणजे आधी पोरं म्हणायची मार्क कमी पडले, नंतर म्हणायला लागली मार्क होते पण पैसे नव्हते. हे दुसरं जास्त टोचतं, कारण त्यात बापाकडे बोट जातं. आणि ज्याला हे टोचलंय तो माणूस स्वतः बाप झाला की पोराला काय म्हणतो? "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं टेन्शन घेऊ नको." ऐकायला किती छान वाटतं, पण पोराच्या हातातून बापाने सगळी कारणंच काढून घेतलेली असतात. आता नापास झालास तर ती फक्त तुझीच चूक.

आणि नापास होणार म्हणजे किती जण? २०२४ ला देशात तेवीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. हे गणित मुलांना पाठ असतं, आपल्यालाच ऐकायचं नसतं.

मुंबईचं वेगळं आहे. १८ जानेवारी १९८२, गिरणी संप, कामगार नेते दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, माणसं मात्र कायमची घरी बसली. त्या घरांतली पोरं मोठी झाली ती एकच वाक्य ऐकत, साहेबाशी वाद घालायचा नाही. आता त्यांची पोरं आयटीत आहेत, मॅनेजर रात्री अकराला कॉल लावतो आणि यांना नाही म्हणता येत नाही, छातीत धडधडतं. विचारलं की आजोबा काय करायचे, तर म्हणतात मिलमध्ये होते बहुतेक. बहुतेक! म्हणजे संपाची गोष्ट कोणी सांगितली नाही, त्यातली भीती तेवढी घरात मुरली. मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण गोष्ट माहीत असती तर तो निदान म्हणाला असता की अहो ते आजोबांचं होतं, माझं वेगळं आहे.

आयांबद्दल बोलू का? बोलते, रागावू नका. दहावीनंतर लग्न झालं, हुशार होती, भाऊ शिकले आणि ही राहिली. आता ही मुलीबरोबर इथे खोली घेऊन राहते, नवरा गावी, चार वाजता उठून डबा. आणि मुलीला रोज काय सांगते, तर तुझ्या आजीला दाखवून द्यायचंय, तुझ्या काकूला दाखवून द्यायचंय. म्हणजे ती मुलगी बायोलॉजी शिकतेय की आईच्या सासरची केस लढतेय? असं काही बोललं की मुली माझ्यासमोर आधी हसतात आणि मग रडतात.

आता कोणी म्हणेल की बाई, मग स्वप्नं बघायचीच नाहीत का आईबापांनी? तसं नाही. रामजी सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण ठेवून भीमरावांना पुस्तकं आणून दिली. ज्या घरात पहिल्यांदा कोणी शिकतंय तिथे बापाची जिद्द ओझं नसते, बाहेर सगळे नाही म्हणत असताना हो म्हणणारा तो एकटाच असतो. मी बोलतेय ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीबद्दल, जिथे पोट भरलेलं आहे, घर बांधून झालंय, आणि तरी बहात्तर सालाची घाई सुटत नाही.

आणि हो, शहरातले काही पालक आता म्हणतात आम्ही काहीच लादत नाही, तुला आवडेल ते कर. पण आवडेल ते म्हणजे त्यातसुद्धा टॉपच हं! गिटार शीक पण परीक्षा दे, ट्रेकिंग कर पण रील टाक. यांच्यावर लहानपणी सक्ती झालेली असते, म्हणून यांना 'चांगले पालक' ठरायचंय, आणि ते ठरवायला मुलाने सतत आनंदी दिसलं पाहिजे. एक मुलगा मला म्हणाला, मॅडम, आमच्या घरी उदास व्हायला परवानगी नाही. झालं ना परत ओझंच, फक्त नवीन कव्हर घालून.

मघाशी एका काकांनी विचारलं की मग पोरांना म्हणायचं तरी काय. काका, हिशोब सांगा. आपण स्वप्न सांगतो आणि पैसे लपवतो, ते उलटं करा. "एका वर्षाच्या रिपीटचे पैसे आहेत, दुसऱ्याचे नाहीत, आणि जमीन काही झालं तरी विकणार नाही," हे ऐकलेल्या पोराला झोप लागते हो. नाही सांगितलं तरी त्याला कळतंच, गावाकडचा कोणी तरी फोनवर बोलून जातो की तुझ्या बापाने सोसायटीचं कर्ज काढलंय, आणि मग तो रूमवर बसून मनातल्या मनात व्याज मोजतो, पेपर कुठला सोडवतोय. फक्त निकालाच्या आधी सांगा, नंतर सांगितलं की तो टोमणाच वाटतो. हां, मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केलाय, माइक द्या त्यांना.