पासवर्डचा रकाना रिकामा ठेवा

(दृश्य: टेबलावर सुटी हार्डडिस्क, शेजारी यूएसबी केबल)

ही एका लॅपटॉपची हार्डडिस्क. लॅपटॉपचा पासवर्ड या खोलीत कुणालाच माहीत नाही. लॅपटॉप दुरुस्त करणारा कारागीर डिस्क केबलला जोडतो आणि केबल स्वतःच्या कॉम्प्युटरला. डिस्क फिरू लागते, तिची बारीक घरघर ऐका.

आता पडद्यावर बघा. ‘यूजर्स’, त्याच्या आत मालकाच्या नावाचं फोल्डर. विंडोज सांगतं, हे फोल्डर उघडायची तुम्हाला परवानगी नाही. पण त्याच चौकटीत खाली ‘कंटिन्यू’चं बटण असतं. ते दाबलं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, सगळं समोर. (डिस्क आमच्याच चमूतल्या एकाची आहे, त्याला विचारूनच दाखवतोय.)

लॅपटॉप सुरू करताना टाकायचा पासवर्ड विंडोजपुरता असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक केलेली) नसेल, तर तिच्यावरच्या फायलींना तो काहीही संरक्षण देत नाही. आणि तरीही दुरुस्तीला देताना आपण तोसुद्धा लिहून देतो.

(दृश्य: ग्रँट रोड स्टेशनाबाहेरची गर्दी, लॅमिंग्टन रोडच्या पाट्या)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. मुंबईतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीचा हा जुना बाजार. या काउंटरवर जॉबशीट भरली जातेय. नाव, मोबाइल नंबर, मॉडेल, बिघाड काय, अडॅप्टर दिला की नाही, आणि शेवटी पासवर्ड. तो लिहिला जातो चिकटपट्टीवर, आणि पट्टी लागते लॅपटॉपच्या झाकणावर. मागच्या फळीवर असे लॅपटॉप रांगेने उभे आहेत. कॅमेरा जरा पुढे नेला, तर काही पट्ट्या वाचता येतात. मुलीचं नाव आणि जन्मसाल असावं अशी एक आहे. ती आम्ही धूसर केली आहे.

या लॅपटॉपचं काम काय होतं? कीबोर्डची दोन बटणं चालत नव्हती.

कीबोर्ड, बॅटरी, पॅनल, बिजागरी, पंख्यात साचलेली धूळ. यांतल्या कशालाही मालकाचा पासवर्ड लागत नाही. कारागीर स्वतःच दाखवतो: त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, लॅपटॉप तिच्यावर सुरू होतो आणि एकेक बटण तपासून होतं. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तपासणीचा प्रोग्राम आधीच असतो. एचपीमध्ये सुरू करताना एफ-2 दाबायचं, डेलमध्ये एफ-12. तरीही रकाना छापलेला आहे म्हणून भरला जातो. तो रिकामा ठेवायचा हक्क तुमचा आहे, आणि चांगला कारागीर त्यावर हुज्जत घालत नाही.

(दृश्य: लॅपटॉप पालथा, स्क्रू निघताना जवळून)

मुळात फायली दुकानात जाऊच द्यायच्या नसतील, तर डिस्क काढून घरी ठेवा. वाटतं तितकं ते अवघड नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा. मागचे स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचे. एखादा स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो. झाकण उघडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या, धातूची नको. कडेने फिरवत गेलं की खटके एकेक सुटतात. हा आवाज.

आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मग ही बघा एसएसडी, म्हणजे नव्या लॅपटॉपातली न फिरणारी डिस्क. 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब. एकाच स्क्रूवर बसलेली. स्क्रू काढला की ती स्वतःच तिरकी वर उचलली जाते, कडेला धरून तिरकीच ओढायची. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची डिस्क असते, तिचा पत्र्याचा साचा दोन-चार स्क्रूंवर असतो. डिस्क कागदी पाकिटात, पाकीट कपाटात. झाकण परत लावायचं आणि जॉबशीटवर लिहून घ्यायचं: ‘एसएसडी ग्राहकाकडे’. वॉरंटी चालू असेल, तर झाकण उघडण्याआधी कंपनीला विचारा.

(दृश्य: बातम्यांची कात्रणे)

2008 साली हाँगकाँगच्या एका सिनेनटाने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधले खासगी फोटो जगभर पसरले, तंत्रज्ञाला तुरुंगवास झाला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये मुद्दाम आवाज बंद पाडलेले लॅपटॉप 16 ठिकाणी दुरुस्तीला दिले. सहा ठिकाणी खासगी फायली उघडल्या गेल्या, दोन ठिकाणी त्यांची नक्कल बाहेर गेली.

(दृश्य: पातळ लॅपटॉपचा उघडा बोर्ड)

काही पातळ लॅपटॉपांत आणि मॅकबुकमध्ये डिस्क बोर्डावरच झाळलेली असते, ती निघत नाही. तिथे एन्क्रिप्शन हाच उपाय, आणि ते बिघाड होण्याआधी चालू केलेलं हवं. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. बंद पडलेल्या यंत्रावर ते चालू करता येत नाही, म्हणून आज संध्याकाळीच सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची ती वेगळी.

बिघाड सॉफ्टवेअरचाच असेल आणि लॉगिन द्यावंच लागणार असेल, तर कारागिरासाठी नवं खातं उघडा, पण त्याला प्रशासकाचे (ॲडमिनचे) अधिकार देऊ नका. नुसत्या फायली पुसून भागत नाही, फिरत्या डिस्कवरून पुसलेले फोटो परत काढून देणं हा याच रस्त्यावरचा धंदा आहे. ब्राउझरमधले जपून ठेवलेले पासवर्ड काढा, जीमेलमधून बाहेर पडा. व्हॉट्सॲप मात्र फोनवरून: ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन त्या लॅपटॉपचं नाव निवडा आणि लॉगआउट. लॅपटॉप सुरूच होत नसला, तरी हे एवढं करता येतं.

(दृश्य: निळा पडदा, आकड्यांची चौकट)

मदरबोर्ड बदलून आला, की बिटलॉकर हा पडदा दाखवतो. 48 आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे डिस्क उघडायची किल्ली, मागतो. ती मिळाली नाही तर फायली तुम्हालाही मिळणार नाहीत. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, ते लॅपटॉप देण्याआधी पाहा, आणि कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.