पैऱ्यानं केलेलं काम

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी 31 वर्षं काढली. मोल्डर, म्हणजे साचे करणारा, म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. कामाच्या ठिकाणी आपलेपणा कसा येतो, यावर बोला म्हणालात, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

खंडेनवमीला आम्ही मशिनांना हार घालायचो, कन्नड मंडळी त्यालाच आयुधपूजा म्हणतात. तो दिवस मला फार प्रिय. पण सुट्टी संपली की डबे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात उघडायचे. येळ्ळूर-कंग्राळीची मराठी पोरं इकडे, गोकाक-बैलहोंगलची कन्नड पोरं तिकडे.

ओतकामात असं चालत नाही. लोखंड साधारण 1400 अंश सेल्सिअसला ओततात आणि लॅडलमध्ये, म्हणजे रस न्यायच्या भांड्यात, पडल्यापासून ते निवायला लागतं. उशीर झाला तर साच्यात दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होत नाही, कास्टिंगवर फट राहते. हातानं न्यायच्या लॅडलला पुढं एक माणूस, मागं एक. मराठीत ‘हळू’ म्हणा की कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणा, पावलं जुळलीच पाहिजेत.

एकदा रात्रपाळीच्या एका पोराला एक साचा नीट बसला नाही अशी शंका आली होती. सकाळच्या पाळीशी त्याचं बोलणंच नव्हतं. तो न सांगता घरी गेला. ओतताना रस खालून फुटला आणि एकाचा पाय भाजला. त्या पोराला मी कधीच दोष दिला नाही. दोन्ही पाळ्यांची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत हे मला दिसत होतं, आणि मी गप्प बसलो होतो. तो पाय आजही माझ्या डोळ्यांपुढं येतो.

त्यानंतर पाळी बदलताना दहा मिनिटं दोघांनी साच्यांपाशी उभं राहून बोलायचं, असं ठरवलं. त्या दहा मिनिटांचा पगार मालकांकडून मागून घेतला. कामगाराचा वेळ फुकट घेऊन आपलेपणा वाढत नसतो, हे माझं ठाम मत आहे.

खरा फरक मात्र पैऱ्यानं पडला. आपल्याकडं शेतात पैरा असतो: आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. कन्नडमध्ये त्यालाच मुय्याळु म्हणतात. पावसाळ्यात रोपलावणी आली की येळ्ळूरची पोरं न सांगता दांड्या मारायची आणि बाकीच्यांवर दुप्पट काम पडायचं. रागावून काही होईना. मग आम्ही एक वही ठेवली. लावणीला तुझी पाळी मी करतो, यल्लमाच्या जत्रेला माझी तू कर. ईदचंही तसंच. वहीत फक्त दिवस लिहायचे, पैशाचा हिशेब नाही.

पहिल्याच वर्षी गोकाककडच्या एका पोरानं जोडीदाराच्या दोन पाळ्या केल्या, आणि रविवारी स्वतःच त्याच्या शेतावर गेला. त्याला रोप धरता येईना. जोडीदाराच्या आईनं चिखलात उभं राहून त्याचा हात धरून शिकवलं. ती मराठीत बोलत होती, त्याला निम्मंच कळत होतं.

पुढच्या वर्षी लावणीचा दिवस ठरवायची वेळ आली, तेव्हा त्या माउलीनं मुलाला आधी विचारलं, “आपल्या गोकाकच्या पोराची पाळी कुठली हाय रे?”