शरद ती, शरद तो

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या ओळखीत एखादे तरी शरदराव असतातच. वसंतराव असतात, हेमंत असतो, क्वचित शिशिरही भेटतो. ऋतूंची नावं आपण मुलांना हौसेनं ठेवली आणि वर्षा तेवढी मुलींकडे राहिली. पण या वाटणीत एक गंमत झाली आहे. संस्कृतात वसंत, ग्रीष्म, हेमंत हे पुरुष खरे, पण स्त्रिया दोन आहेत. वर्षा आणि शरद्. मराठीत येता येता त्या दुसरीचे शरदराव झाले. तिचं बाईपण आपल्याकडे उरलं ते ‘शारदा’ या नावात.

आज बोलायचं आहे ते त्या मूळच्या बाईबद्दल.

‘ऋतुसंहार’ हे सहा ऋतूंचं सहा सर्गांचं काव्य. ते कालिदासाचंच का, यावर पंडितांचा वाद आहे. तो आपण पंडितांकडेच ठेवू. तिसऱ्या सर्गाचा पहिला श्लोक ऐका:

काशांशुका विकचपद्ममनोज्ञवक्त्रा
सोन्मादहंसरवनूपुरनादरम्या।
आपक्वशालिरुचिरानतगात्रयष्टिः
प्राप्ता शरन्नववधूरिव रूपरम्या॥

शरद आली, नव्या नवरीसारखी. अंगावर काशाचं तलम वस्त्र. काश म्हणजे नदीकाठी वाढणारं, पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत. उमललेलं कमळ हे तिचं तोंड, मदानं भरलेल्या हंसांचा कलरव हे तिचे पैंजण. आपली नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत बोहल्यावर चढते. ही पांढऱ्यात आली आहे. पुढच्याच श्लोकात कवी सांगतो की काशांनी जमीन, चंद्रानं रात्री, हंसांनी नद्यांचं पाणी, कुमुदांनी तळी, सगळं पांढरं करून टाकलंय.

मला मात्र या श्लोकात सगळ्यात आवडतो तो ‘आपक्व’मधला ‘आ’. पक्व नव्हे, आपक्व. पिकत आलेलं, अजून पुरतं न पिकलेलं भात. लोंबीत दाणा भरायला लागला की ती आपल्या वजनानं झुकते. त्याच झुकण्यानं ही नवरी वाकली आहे. नवरीची मान खाली, हे कुणीही लिहील. ती लाजेनं खाली आहे की भरल्या अंगाच्या भारानं, हे या कवीनं उघड सांगितलेलं नाही. कोकणात आश्विनात भाताच्या बांधावर उभं राहिलेल्या माणसाला ही नवरी ओळखायला टीकाकाराची गरज पडणार नाही.

त्याच्या कितीतरी आधी वाल्मीकींनी हीच उपमा वेगळ्या जागी ठेवली आहे. किष्किंधाकांड. पाऊस संपलाय, सुग्रीव अजून हललेला नाही, आणि राम लक्ष्मणाला शरद दाखवतोय. नद्यांचं पाणी ओसरतंय, वाळूचे काठ हळूहळू उघडे पडताहेत. पहिल्या भेटीत लाजणाऱ्या नववधूनं वस्त्र हलकेच सरू द्यावं तसे. ‘शनैः शनैः’ म्हणतो तो. श्लोक शृंगाराचा आहे, पण बोलतोय कोण? ज्याची बायको पळवून नेली आहे, तो. ही ओळ सुटी करून वाचली की नुसती नखरेल वाटते. रामाच्या तोंडी ती ऐकवत नाही.

कालिदास ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरदेला वेगळंच काम देतो. रघु नुकताच गादीवर बसलाय. आधी ऋतू राजाची नक्कल करतो: पांढऱ्या कमळाचं छत्र, काशाच्या चवऱ्या. पण त्याची शोभा काही साधत नाही. इथे कवीनं शब्द वापरलाय ‘ऋतु’. पुल्लिंगी. राजाची नक्कल करायला पुरुष हवा ना! आणि सातच श्लोकांनंतर ‘शरत्’ येते, स्त्रीलिंगी, आणि ती कामाची निघते. नद्यांना उतार करून देते, रस्त्यांवरचा चिखल वाळवते आणि रघूला स्वारीला पाठवते. त्याच्या मनानं घ्यायच्या आधीच, असं कवी म्हणतो. दसऱ्याचं सीमोल्लंघन आपल्याला ठाऊकच आहे. वाट वाळल्याशिवाय कसली मोहीम?

संस्कृत कवी भारवीनं ‘किरातार्जुनीय’ या महाकाव्यात शरदेवर बराच मजकूर खर्च केला आहे. त्यातले लाल चोचीत पिवळी लोंबी धरून उडणारे हिरवे पोपट, इंद्रधनुष्यासारखे दिसणारे, तेवढे लक्षात ठेवा.

आता एक खट्याळ श्लोक. परंपरा तो पाणिनीच्या नावावर सांगते. सूत्रं रचणाऱ्या व्याकरणकाराला हे सुचलं असेल का, हे तुम्हीच ठरवा.

ऐन्द्रं धनुः पाण्डुपयोधरेण
शरद्दधानार्द्रनखक्षताभम्।
प्रसादयन्ती सकलङ्कमिन्दुं
तापं रवेरभ्यधिकं चकार॥

‘पयोधर’ म्हणजे ढग आणि स्तनही. शरदेच्या फिकट पयोधरावर इंद्राचं धनुष्य, ताज्या नखाच्या ओरखड्यासारखं. म्हणजे इंद्राशी काहीतरी आहे. वर ती चंद्राला खुश करते आहे, तोही कलंकित! हे बघून सूर्याचा ‘ताप’ वाढला. ताप म्हणजे उष्णता, आणि मनाचा जळफळाटही.

पाऊस परतला, आभाळ निवळलं, ऊन थेट अंगावर यायला लागलं की आपण घाम पुसत ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कवीनं तिचं कारण शोधलं ते सूर्याच्या मत्सरात.

संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली असेल, तर रस्त्याकडेच्या सातविणीचा तो उग्र, डोकं जड करणारा वास येत असेल. सातवीण म्हणजे सप्तपर्ण. ‘रघुवंशा’त रघूच्या हत्तींना तो दुसऱ्या कुणा हत्तीच्या मदाचा, म्हणजे माजावर आल्यावर अंगातून पाझरणाऱ्या द्रवाचा, वाटला होता. झाड सात पानांचं, म्हणून इरेला पडून त्यांनीही मद गाळला, तो सात ठिकाणांहून.

नमस्कार.